पंधराव्या वर्षी 'ब्रेकिंग बॅड' बघावी का?

"पोरगी 'ब्रेकिंग बॅड' बघायची म्हणतेय. हो म्हणू की नाही?" बाळ्याने गाडी स्टँडवर लावता लावता विचारलं आणि त्या शनिवारी बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या पाळीवर दुसरा विषय निघालाच नाही. सेव-उसळ खाऊन आलो होतो, घाई कुणालाच नव्हती.

बाळ्या नंदेसरीला केमिकल कंपनीत आहे. त्याची मुलगी पंधरा वर्षांची, नुकतीच अकरावी सायन्सला गेलेली. वर्गातल्या बहुतेकांची बघून झाली, मीच राहिलेय, असं तिचं म्हणणं. ताई शाळेत केमिस्ट्री शिकवतात. अण्णा बँकेतून रिटायर झालेले, आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. ताईंनी आणि मी ही मालिका शेवटपर्यंत बघितली आहे, बाळ्याने नुसतं नाव ऐकलेलं. अण्णांना गोष्टच सांगावी लागली. अमेरिकेतल्या आल्बुकर्की शहरातला केमिस्ट्रीचा मास्तर, वय पन्नास. फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो, बायको गरोदर, गाठीला पैसा नाही. मग हा एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथॅम्फेटामिन नावाचं ड्रग बनवायला लागतो. २००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ एपिसोड.

"मग प्रश्नच कुठे येतो? नाही म्हणून सांग," अण्णा म्हणाले.

"पण सेन्सॉरने काहीतरी बघितलंच असेल ना, अण्णा?" बाळ्याने विचारलं.

इथे मला मध्ये पडावंच लागलं, कारण हा गैरसमज पुष्कळ घरांत आहे. सेन्सॉर बोर्ड सर्टिफिकेट देतं ते सिनेमाला. वेब सीरिज कुठल्या वयासाठी आहे हे ती दाखवणारी कंपनीच ठरवते. २०२१ च्या आयटी नियमांनी त्यासाठी गट ठरवून दिलेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ पासून पुढच्या गटांना पालकांना लॉक लावता येईल अशी सोय द्यावी लागते, आणि 'ए'साठी बघणाऱ्याच्या वयाची खात्री करणारी व्यवस्था. सुरुवातीला हिंसा, शिवीगाळ, ड्रग्ज असं लिहून येतं तेही याच नियमांमुळे. उपयोगी आहे ते सगळं. पण त्यातून आत काय काय आहे एवढंच कळतं. त्याचं पुढे केलंय काय, ते कळत नाही.

"आणि पिन लावून घरातला टीव्ही बंद होईल," ताई म्हणाल्या, "मैत्रिणीचा मोबाइल कसा बंद करणार?"

बाळ्याची खरी भीती वेगळीच होती. पोरगी केमिस्ट्रीत हुशार. बघून बघून बनवायलाच शिकली तर? हा प्रश्न त्याने हसत विचारला नाही, आणि आम्हीही हसलो नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, सावली तालुक्यात, गुजरात एटीएसने एका कारखान्यातून मेफेड्रोन नावाचं ड्रग पकडलं होतं. दोनशे किलोंच्या वर माल, किंमत हजार कोटींच्या पुढे. बाळ्या रोज ज्या वासात काम करतो, त्याच धंद्याच्या आडोशाला हे चालतं. त्याला ही गोष्ट अमेरिकेतली वाटणारच नाही.

उत्तर ताईंनी दिलं. त्या मालिकेला सल्ला द्यायला डॉना नेल्सन नावाच्या ओक्लाहोमा विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापक होत्या. पडद्यावरची कृती मुद्दामच अर्धवट ठेवलेली आहे, मधल्या पायऱ्या गाळलेल्या आहेत. मास्तरच्या मालाचा तो प्रसिद्ध निळा रंगसुद्धा खोटा. शुद्ध माल बिनरंगी असतो. "बनवायला कुणी शिकणार नाही, बाळ्या. तू काळजी करतोयस ती चुकीच्या जागी."

"मग बरोबर जागा कुठली?"

यावर मात्र तासभर वाद झाला.

अण्णांचं म्हणणं, खून, मारामारी, प्रेतं हेच मुळात मुलांसमोर नको. त्यांचा नातू मध्यंतरी अशीच कुठलीशी क्राइम सीरिज बघायचा आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. हे मी उडवून लावणार नाही. काही मुलांना सोसत नाही, आणि ते त्यांच्या आईबापांनाच कळू शकतं. पण रक्त मोजून मालिकेचा निकाल लावायचा, हे मला मान्य नाही. या मालिकेतला सगळ्यात भयंकर प्रसंग दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे आहे आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. तो विद्यार्थी आणि त्याची मैत्रीण हेरॉइन घेऊन बेशुद्ध पडलेत. मास्तर त्याला हलवून उठवायला बघतो, त्या धक्क्याने मुलगी उताणी होते. तिला उलटी होते, श्वास कोंडतो. कुशीवर वळवली असती तर वाचली असती. मास्तर पुढे होतो, आणि थांबतो. ती मुलगी त्याच्या धंद्याच्या आड येत होती. तो उभा राहून रडतो, पण हात लावत नाही.

आता हे बघून पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय येतं? "बरं झालं, सुटला एकदाचा" असं येतं, की पोटात गोळा येतो? माझ्या लेखी परीक्षा एवढीच आहे. मुळात मालिका हा हिशेब अर्धवट सोडत नाही. त्या मुलीचा बाप विमानतळावर ट्रॅफिक कंट्रोलर असतो. लेकीच्या दुःखात तो कामावर परततो, त्याचं लक्ष उडतं, आणि शहरावर दोन विमानं एकमेकांवर आदळतात. ज्या मालिकेत माणूस मेला की पुढच्या एपिसोडला त्याचं नावसुद्धा निघत नाही, ती मी कुठल्याही वयाच्या मुलाला दाखवणार नाही, मग त्यात रक्त किती का कमी असेना. इथे मेलेल्याचा बाप दिसतो.

"तू हे एवढं ओळखतोस, कारण तुझे केस पिकलेत," अण्णा म्हणाले. "पोरं मास्तरच्याच बाजूने बघणार. हिरो तोच ना?"

अण्णांनी मालिका न बघता तिच्या वर्मावर बोट ठेवलं. तेव्हा ताईंनी मास्तरच्या बायकोचा विषय काढला. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये मास्तर घरी येतो आणि स्वयंपाकघरात गरोदर बायकोवर जबरदस्ती करतो. ती नको नको म्हणत राहते. प्रसंग छोटा आहे. ताई म्हणाल्या, कुठल्याही गोळीबारापेक्षा तो प्रसंग बघताना मुलीच्या शेजारी आई असायला हवी. आणि एवढं होऊनही जगभरच्या प्रेक्षकांनी शिव्या घातल्या त्या त्या बायकोलाच, नवऱ्याच्या आड येते म्हणून. इतक्या, की ती भूमिका करणाऱ्या ॲना गनने २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. "शिव्या घालणाऱ्यांत मोठेही होते, अण्णा. अठरा पूर्ण झालेले. वय भरलं म्हणून बाजू कळते असं नाही."

"मग पंधराव्या वर्षी तर मुळीच कळणार नाही!"

"कुणी विचारलं तर कळते. माझ्या वर्गातली मुलं एरवी गप्प असतात, पण एक प्रश्न नीट विचारला की काय काय बोलतात."

अण्णांचा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला. शेजारी बसून बघू म्हणणं सोपं, पण बघते कोण? रात्री बाराला कानात इयरफोन, एक एपिसोड संपला की दुसरा आपोआप सुरू. पूर्वी आठवड्याला एक भाग असायचा, मध्ये सात दिवस जायचे, चार माणसं त्यावर बोलायची. आता ज्या मरणाने माणूस हादरायला हवा, त्यावर पाच सेकंदांत पुढचा भाग चढतो. हे शंभर टक्के खरं आहे. माझ्या मते वयापेक्षाही मोठा धोका तो आहे, आणि त्यावर कुठल्याच रेटिंगमध्ये उपाय नाही.

म्हणून बाळ्याला मी सांगितलं ते असं. नाही म्हणू नकोस, ती मैत्रिणीकडे बघेल आणि मग तुला काही विचारणार नाही. आज आपणहून विचारायला आली, हे केवढं मोठं आहे! आधी दोन सीझन तू आणि वहिनी बघा. मग तिच्याबरोबर पुन्हा, हॉलमधल्या टीव्हीवर, दिवसाला एकाच्या वर नाही, ऑटोप्ले बंद. ती मुलगी मरते तिथे थांबायचं. भाषण द्यायचं नाही. मास्तरने काय करायला हवं होतं, एवढंच विचारायचं. तिला सांगता आलं, तर पुढचे तीन सीझन खुशाल बघू दे. तिने खांदे उडवले, तर वर्षभर थांबायचं.

ताईंना ते पटलं, फक्त त्यांचं म्हणणं, स्वयंपाकघरातल्या प्रसंगानंतरही थांबायलाच हवं, आणि तिथे वहिनींनी बोलायचं. अण्णा सोळा पूर्ण होण्यावर अडून राहिले ते राहिलेच. बाळ्याने पुढच्या आठवड्यातल्या शिफ्ट मोजल्या, नाइट बुधवारी संपते म्हणाला, आणि पहिल्या सीझनला एपिसोड किती ते विचारलं. सात, मी सांगितलं.