हीटरजवळ झोन नसतो म्हणणाऱ्यांसाठी

कागल एमआयडीसीत माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं एक फिरता मेसेज पाठवून विचारलं, मामा हे खरं हाय का, कारण तो वाचून त्यांच्या सुपरवायझरनं फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न सोडणाऱ्या) मोटारींची ऑर्डरच थांबवलीय. मेसेजचं म्हणणं असं की कारखान्यातल्या गॅसवर चालणाऱ्या हीटरमध्ये उघडी ज्योत असतेच, म्हणून आसपास हॅझार्डस झोन (गॅस साचून पेटायचा धोका असलेली जागा) नसतो, साधी मोटार, साधे स्टार्टर (मोटार चालू करायचे स्विच) चालतात. गॅस लीक झाला तरी वर जातो, छताला एक्झॉस्ट पुरे. आणि फ्लेमप्रूफ म्हणजे पैसे काढायचा धंदा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मानावंच लागतंय. अमेरिकेच्या एनएफपीए ४९७ या अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की बॉयलर, फायर्ड हीटर (इंधन जाळून चालणारा हीटर) यांची ज्योत आणि तापलेला पत्राच गॅस पेटवू शकतो, त्यामुळं त्यांच्या अगदी लगत इलेक्ट्रिकल क्लासिफिकेशन (म्हणजे असे झोन ठरवणं) करण्यात अर्थ नाही. पण पुढं लगेच असंही आहे की पंप, व्हॉल्व्ह, इंधनाची लाईन अशा गळतीच्या जागी ठिणगी पाडणारं इलेक्ट्रिकल सामान शक्यतो बसवू नका. ते का गाळलं? बर्नरपुरती गोष्ट अख्ख्या शेडला लावून मोकळे! आणि हीटर काय कायम पेटलेला असतो का? सुट्टीत बंद असताना व्हॉल्व्ह जरा जरी पासिंग असला, म्हणजे बंद करूनही गॅस सोडत असला, तर गॅस साचत राहतो, ज्योतच नाही म्हटल्यावर तो जळूनही जात नाही, आणि सकाळी येऊन माणूस पहिलं काय करतो तर ब्लोअरचा स्टार्टर दाबतो, त्यातल्या साध्या कॉन्टॅक्टरमध्ये (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) ठिणगी पडतेच. पेटवायच्या आधी हवा मारून पर्ज करतो की, असं कोण म्हणेल, तर पर्जनं फायरबॉक्समधला (ज्योत पेटते त्या कप्प्यातला) गॅस निघतो, केबल ट्रेंचमधला (केबलच्या चरातला) नाही.

गॅस वर जातो हे तर डोकं फिरवणारं आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात ट्रेंचमध्ये उतरतो आणि हवेत साधारण २ टक्के झाला की पेटायला तयार. छताचा पंखा त्याला काय करणार? वर जातो तो पाईपलाईनचा नॅचरल गॅस. असलं वाचून कुणी एलपीजीच्या लाईनखालच्या ट्रेंचजवळ साधा स्टार्टर बसवला तर माणसं मरतील.

फ्लेमप्रूफचं म्हणाल तर सगळीकडे ते लागत नाही, हे खरं. कुठं लागतं ते ठरवायलाच आयएस ५५७२ या भारतीय मानकाप्रमाणे आधी ड्रॉइंगवर झोन आखतात. फ्लेमप्रूफ पेटीच्या आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेरच्या गॅसपर्यंत पोचत नाही, एवढंच तिचं काम, पण झाकणाचे बोल्ट अर्धेच लावले किंवा केबल आत जाते तिथं साधा ग्लँड (केबल घट्ट धरणारं तोंड) घातला तर तेही होत नाही. पैसे वाया जातात ते तिथं.