गोष्टीचा शेवट आधी फोडू नका, आणि बोध तर नकोच

गोष्ट शिकवायची आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे. लेखकाचं नाव आणि जन्मसाल फळ्यावर लिहायचं. "या पाठातून आपल्याला कळतं की हव्यास वाईट" हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं. मग एक ओळ इंग्रजीत वाचायची, लगेच तिचा मराठी अर्थ, पुन्हा एक ओळ, पुन्हा अर्थ. शेवटी प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घ्यायची. मुलंही हुशार झालीत. गाइडात सारांश असतो आणि त्यात शेवट फोडलेला असतो, तेवढं वाचलं की काम भागतं. गोष्ट कुणी वाचतच नाही.

मी नाशकात सातपूरच्या बाजूला आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. सेमीची मुलं. बऱ्याच जणांचे वडील सातपूर नाहीतर अंबडच्या कंपन्यांत, काही जण गिरणारे-दिंडोरीकडून येणारे, घरी द्राक्षबाग. "या मुलांना मोपासाँ, चेखव असले परदेशी लेखक कसे झेपणार?" हे मला स्टाफरूममध्ये नेहमी ऐकवलं जातं. माझं म्हणणं उलट आहे. झेपत नाही ती छाटून सोपी केलेली गोष्ट. छाटणारा नेमके तेच तपशील काढून टाकतो ज्यांना धरून मुलं आत शिरतात.

मोपासाँची 'द नेकलेस' घ्या. 1884 सालची गोष्ट. एका कारकुनाची बायको मोठ्या समारंभासाठी मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, नवरा-बायको तसाच दुसरा हार 36,000 फ्रँकला घेऊन परत करतात आणि 10 वर्षं कर्ज फेडत झिजतात. (नवरा शिक्षण खात्यात कारकून आहे, हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये जो हशा पिकतो त्याबद्दल न बोललेलं बरं.) शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा. इतकं तर सगळ्या सारांशांत असतं. त्यावर बोध चिकटवला जातो: आहे त्यात समाधान मानावं.

आता मूळ गोष्टीतली एक जागा बघा. हार हरवल्यावर दोघं हाराच्या डबीवरचं नाव वाचून त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळतो आणि म्हणतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझी असेल. दीड-दोन ओळींचा मजकूर. सोप्या आवृत्तीत सहसा गळतो. आमच्या वर्गात शेवट वाचून झाला, सगळे हळहळले, आणि मी पान उलटून ही जागा परत वाचायला लावली. ज्याचे मामा सराफ बाजारात कामाला आहेत असा एक मुलगा तडक म्हणाला, "मॅडम, हार खरा असता तर डबी हाराच्याच दुकानाची असती ना! डबी एकीकडची, हार दुसरीकडचा, म्हणजे तिथेच गडबड होती." मग मुली सुटल्या. मेन रोडवर वन ग्रॅमचे सेट बघण्यात त्यांचा हात कोण धरणार? खोटं आणि खरं हातात घेतल्यावर कळतं की नाही, यावर जोरदार चर्चा. मग आणखी एकीला सापडलं: मैत्रीण परत आलेली डबी उघडूनसुद्धा बघत नाही. हिऱ्यांचा हार परत आला आणि उघडून बघितला नाही? म्हणजे तिला त्याचं काय ते मोल ठाऊकच होतं.

शेवट आधी फोडला असता तर हा शोध कुणी घेतला नसता. आणि एखाद्याने मोबाइलवर शेवट आधीच बघितला असेल, तरी हरकत नाही. त्याला सांगायचं, आता लेखकाने कुठे कुठे खुणा ठेवल्यात ते शोध. हे काम करताना मूल तीच पानं तीनदा वाचतं, कुणी न सांगता.

बोधाचंही तसंच. कर्जाचा भाग पूर्ण वाचला की समाधानाचा बोध मुलांना पटत नाही. नवऱ्याला वडिलांकडून आलेले 18,000 फ्रँक आणि बाकीचं कर्ज: कुणाकडून हजार, कुणाकडून पाचशे, सावकाराच्या कागदांवर सह्या. हे द्राक्षवाल्यांच्या घरातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सोसायटी, पतसंस्था, गटाचं कर्ज, हातउसने, त्यांना सगळी यादी पाठ आहे. त्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. हव्यास तिला नडला, की हार हरवला हे मैत्रिणीला सांगायची लाज? एका गटाचं म्हणणं, तिने त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर 10 वर्षं वाचली असती. दुसऱ्या गटाचं म्हणणं, तुमच्या आईने लग्नात मागून नेलेली पोत हरवली तर ती लगेच सांगेल का? मी मध्ये पडले नाही. उत्तर गाइडात नाही आणि माझ्याकडेही नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (1902) तर सातपूरच्या वर्गात भुताची गोष्ट राहतच नाही. माकडाचा वाळवलेला पंजा तीन इच्छा पूर्ण करतो, ही सुरुवात मुलांना आवडते. म्हातारा 200 पौंड मागतो, घरावरचं कर्ज फेडायला. आकडा सुचवतो तो त्याचाच मुलगा, वर चेष्टाही करतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात. मुलगा मशिनमध्ये अडकून गेला. कंपनी कसलीही जबाबदारी घेत नाही, पण त्याच्या सेवेबद्दल काही रक्कम देऊ इच्छिते. किती? 200 पौंड.

इथे वर्ग एकदम गप्प होतो. कंपनीतल्या प्रेस शॉपमध्ये, मशिनखाली बोटं गमावलेला कुणी ना कुणी यांच्या गल्लीत असतोच. पंज्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारतात ते असं: जबाबदारी घेत नाही तर पैसे का दिले? पगारावर होता की कंत्राटी? सही कशावर घेतली? चौदा वर्षांच्या मुलांना कंपनीच्या त्या एका वाक्यातली मखलाशी मी न सांगता कळते. "डिस्क्लेम" (जबाबदारी नाकारणे) हा शब्द स्पेलिंगसाठी पाच वेळा लिहून घ्यावा लागला नाही. आणि हीच गोष्ट आमच्याकडे "नशिबाशी खेळू नये" या बोधाखाली शिकवली जाते! शेवटी दारावर थाप पडते आणि बाहेर कोण होतं ते लेखक दाखवतच नाही. मुलं चिडतात. चिडू द्यावं.

सगळ्याच जुन्या गोष्टी चांगल्या असं मात्र मी म्हणणार नाही. ओ. हेन्रीची 'द लास्ट लीफ' मला स्वतःला फार गोड वाटते, मी ती घेत नाही. त्याचीच 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' घेते, पण प्रेमाचं प्रवचन म्हणून नाही. गरीब नवरा-बायकोची नाताळातली गोष्ट: 1 डॉलर 87 सेंट शिल्लक, आठवड्याचा पगार 30 वरून 20 वर आलेला, आठवड्याचं भाडं 8 डॉलर. एवढे आकडे फळ्यावर मांडले की मुलं त्यांचं घर चालवून दाखवतात. टॉल्स्टॉयची जमिनीची गोष्ट ('हाउ मच लँड डझ अ मॅन नीड') मराठी अनुवादात वाचून आलेली पोरं असतात, तरी ती मैदानावर घ्यावी. हजार रूबल द्या, सूर्य मावळायच्या आत जेवढ्याला वळसा घालून परत याल तेवढी जमीन तुमची. पळू द्यावं. कोण कुठे वळायला उशीर करतो ते दिसतं. एडगर अॅलन पो याची 'टेल-टेल हार्ट' मुलांना जाम आवडते, नाटकी वाचता येते, पण त्यापुढे बोलायला फार उरत नाही. पावसाळ्यात लाइट गेले की ठीक आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन, दहावीचा पेपर. त्यावर माझं एवढंच म्हणणं आहे की 80 मार्कांच्या लेखी पेपरात न पाहिलेला उतारा येतो, आणि आठवी-नववीत सात-आठ पानं सलग वाचलेलं मूल अर्ध्या पानाच्या उताऱ्याला घाबरत नाही. दुसरा आक्षेप, इंग्रजीच्या तासाला चर्चा मराठीत का? कारण मुलांना मुद्दा मांडायचाय आणि तो आत्ता मांडायचाय. वाचन मी इंग्रजीतच करते, मोठ्याने, न थांबता. ओळीला ओळ अर्थ सांगत नाही. अडलेला शब्द पोरं एकमेकांना विचारतात. वाद मराठीत होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वादावर इंग्रजीत आठ-दहा ओळी लिहून आणायच्या. व्याकरण चुकतं. पण ओळी त्यांच्या स्वतःच्या असतात, गाइडातल्या नाहीत.

पुस्तकांचा खर्चही नाही. हे सगळे लेखक जाऊन 60 वर्षांहून जास्त काळ झाला, आपल्या कायद्याने या गोष्टींवर कुणाचा हक्क उरलेला नाही. नेटवर इंग्रजी मजकूर फुकट मिळतो. मोपासाँ आणि टॉल्स्टॉयचा मात्र जुना अनुवाद घ्या, नवे हक्कात असतात. झेरॉक्स काढताना शेवटचं पान वेगळं ठेवा, बाकीचं वाचून झाल्यावरच वाटा.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर 'मंकीज पॉ'ने सुरुवात करावी, ओ. हेन्री डिसेंबरात घ्यावा. मोपासाँ परीक्षेच्या तोंडावर अजिबात घेऊ नका. तो डबीचा वाद पुढच्या दोन तासांत संपत नाही, आणि मग गणिताच्या सरांकडून तास मागून घ्यावे लागतात.