फ्रान्सिसनं अजान उचलली का?

ख्रिस्ती माणूस दुसऱ्या धर्मांकडून काही शिकू शकतो का, यावर कट्ट्यावर वाद पेटला होता. "आदर वगैरे ठीक आहे रे, पण शिकणार काय? ज्याला सगळं आधीच सापडलंय, तो दुसऱ्याच्या धर्माकडून काय घेणार?" वकिलानं तोफ डागली आणि सगळ्यांच्या माना फादरकडे वळल्या. (हा फादर खरा नव्हे. रविवारी चर्चमध्ये बायबल वाचतो, म्हणून कट्ट्यानं बहाल केलेली पदवी.)

फादर म्हणाला, "१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, लेखी दिलंय. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही."

"आणि त्याच्या पुढचं कोण वाचणार? ख्रिस्त हाच मार्ग, हे आम्ही सांगत राहणारच! म्हणजे या हातानं दिलं, त्या हातानं काढून घेतलं."

मास्तर मध्ये पडले. "श्रद्धा ठाम असली की शिकता येत नाही, हे तुला कोणी सांगितलं? येशूचंच बघ. रोमन शताधिपती म्हणजे परधर्मी, वर राज्यकर्त्यांच्या फौजेतला. त्याच्याबद्दल येशू म्हणतो, एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. आणि शेजारी कोण, या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलेल्या गोष्टीतला भला माणूस शोमरोनी. यहुदी ज्यांना पाण्यात पाहत, त्यांच्यातला."

"येशूचं सोडा हो मास्तर, अनुयायांचं बोला. मुसलमानांविरुद्धची धर्मयुद्धं, ती क्रूसेडं, कोणी केली?"

वकिलाला वाटलं, जिंकलं. पण फादरनं नेमकं क्रूसेडच धरलं. १२१९ साली इजिप्तमध्ये दमिएत्ताला ख्रिस्ती फौजांचा वेढा पडलेला असताना असिसीचा फ्रान्सिस, म्हणजे इटलीतला संत आणि एका साधुसंघाचा संस्थापक, पलीकडच्या छावणीत सुलतान अल-कामिलला भेटायला गेला.

"बाटवायलाच ना?"

"हो, लपवायचं कशाला? सुलतानानं धर्म बदलला नाही, यानंही नाही. सुलतानानं त्याला सुखरूप परत पाठवलं. आता पुढचं ऐक. आपल्या संघाच्या १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना फ्रान्सिस काय सांगतो? वादविवाद, भांडणं करू नका. देवासाठी सगळ्यांचे सेवक होऊन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं सांगा. उपदेशाचा मार्गही सांगितलाय, पण तो दुसरा, आणि देवाची तशी इच्छा दिसली तरच. शिवाय राज्यकर्त्यांना एक पत्र लिहिलं, की रोज संध्याकाळी दवंडी पिटून किंवा काही खूण करून लोकांना देवाच्या स्तुतीसाठी हाक द्या."

"अजान!" धाकटा ओरडला.

"बऱ्याच अभ्यासकांना तसंच वाटतं. फ्रान्सिसनं स्वतः मात्र तसं कुठे लिहिलेलं नाही."

मला विचाराल तर वकिलाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं होतं. बदलायला गेलेला माणूस स्वतःच थोडा बदलून आला, आणि तरी ख्रिस्तीच राहिला. पण वकील असा कसा ऐकेल?

फादरनं मग क्रिस्टर स्टेंडाल काढला. स्टॉकहोमचा एके काळचा लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, बिशप. त्याचे तीन नियम: दुसरा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या अनुयायांना विचारा, विरोधकांना नको. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट, अशी तुलना करू नका. आणि पवित्र हेव्याला मनात जागा ठेवा, म्हणजे त्यांच्याकडे असं काही दिसू दे की वाटावं, हे आपल्याकडे हवं होतं.

"हेवा वाटला तर घेऊन टाका की," वकील म्हणाला.

"नाही. आवडलं म्हणून उचलायचं नाही. ते त्यांचं आहे."

"मग फ्रान्सिसनं अजान उचललीच ना?" धाकट्यानं असं काही विचारावं, ही कोणाची अपेक्षा नव्हती. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

फादर अडखळला. "उचलली नाही रे... वेळ झाली की सगळ्यांनी मिळून देवाला आठवायचं, ही शिस्त घेतली. प्रार्थना त्याची स्वतःचीच राहिली."

"म्हणजे उधारी," वकील म्हणाला. "माझी हरकत उधारीला नाहीच. घेतलंय कोणाकडून, ते तुमच्या रविवारच्या प्रवचनात कधी ऐकू येत नाही, ही माझी तक्रार."

"येत नाही, खरंय," फादर म्हणाला.