एक टीबीचा विसर्ग

नऊशे रुपये गेले त्याचं एवढं काही नाही. पण सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या त्या चॅटवाल्यानं शेवटी स्माईली टाकायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही. परवाची गोष्ट आहे, अजून जेवताना मधेच आठवते.

तर माझ्याकडं एक भाड्यानं घेतलेला सर्व्हर आहे. महिना सातशे रुपये, मुंबईतल्या कुठल्यातरी डेटा सेंटरमधे, मी काही डोळ्यानं बघितलेला नाही. त्यावर सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याची वेबसाईट चालते. आज राजापुरी काय भाव गेली, किती पोती आली, एवढंच. दिवसाला बघणारे चाळीस-पन्नास जण, त्यातले दहा वेळा तो स्वतः. एवढ्याशा कामाला तो सर्व्हर म्हणजे भडंगाची पुडी न्यायला ट्रक. पण जाहिरातीत ठळक अक्षरात १ जीबीपीएस पोर्ट, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट डेटा जाईल एवढा पाइप, असं लिहिलेलं, आणि मला मनातनं खात्री की एवढं काही हे देत नसणार.

ह्या संशयाचं मूळ आमच्या घरच्या नेटमधे आहे. नेट स्लो झालं की फोन करायचा, मग दोन दिवसांनी एक पोरगं येतं, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावतं, काटा शंभरला टेकवतं आणि म्हणतं बघा काका, फुल्ल येतंय. आता ती टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो जवळचा सर्व्हर बऱ्याचदा त्या नेटवाल्या कंपनीच्याच घरात ठेवलेला असतो. म्हणजे मी विचारतोय विश्रामबागेतनं मिरज जंक्शनला जायला किती वेळ लागतो, आणि हा मला आमच्याच अंगणात पळून दाखवतोय. वर मला काका म्हणतो. मी बेचाळीसचा आहे. असो.

तर ह्यावेळी म्हणलं आपण स्वतः मोजायचं, आणि नीट मोजायचं. एक तयार स्क्रिप्ट उतरवली, ती मुंबई, सिंगापूर आणि फ्रँकफर्ट अशा तीन ठिकाणांशी दहा सेकंद डेटा आणते, दहा सेकंद पाठवते, आणि आकडा लिहून ठेवते. दर सहा तासांनी चालावी म्हणून क्रॉनमधे टाकली, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत. क्रॉनच्या ओळीत पाच खाने असतात, पहिला मिनिटाचा, दुसरा तासाचा. मिनिटाच्या खान्यात शून्य टाकायचं होतं, मी चांदणी (*) टाकली. चांदणी म्हणजे 'प्रत्येक'. त्यामुळं स्क्रिप्ट सहा तासांनी एकदा चालायच्या ऐवजी दर सहाव्या तासाला पूर्ण तासभर मिनिटामिनिटाला चालत राहिली, आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, असल्यामुळं हा कार्यक्रम आपल्याकडं पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा ह्या मुहूर्तांवर सुरू व्हायचा. एका वेळेला अंदाजे ५ जीबी, तासाला ६० वेळा, म्हणजे तासाला ३०० जीबी. तीन मुहूर्तात ९०० संपले. चौथ्याला वीस मिनिटं पुरली.

रात्री बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना मेल आला. तुमच्या सर्व्हरवरून संशयास्पद प्रमाणात ट्रॅफिक आढळला आहे, महिन्याचा १ टीबी (म्हणजे १००० जीबी) डेटाचा कोटा संपला आहे, पोर्ट १ एमबीपीएसवर (म्हणजे हजाराव्या भागावर) आणण्यात येत आहे. त्यात एक शब्द होता 'गैरवापर'. मी आयुष्यात सोसायटीचं पाणी कधी जास्त वापरलं नाही ओ, आणि मला गैरवापर.

मी तिरमिरीत चॅट उघडला. पलीकडच्यानं अतिशय नम्रपणे विचारलं की सर, तुमचा सर्व्हर कुणी हॅक केलाय का. आता ह्या प्रश्नाला 'बघून सांगतो' म्हणायचं असतं. मी म्हणलं हो, नक्कीच, चीनमधून असणार, मला आठवडाभर शंका होतीच. (काही शंका नव्हती.) तुमच्या सिक्युरिटीचं काय ते बघा आधी, असंही लिहिलं. तो म्हणला दोन मिनिटं द्या सर. दोन मिनिटांनी आला. सर, चेक केलं, सगळा ट्रॅफिक ५२०१ नंबरच्या, म्हणजे स्पीड टेस्टवाल्या पोर्टवरचा आहे, तुमच्याच सर्व्हरवर स्पीड टेस्ट शेड्यूल केलेली दिसतेय. आणि पुढं ती स्माईली. साधी, पिवळी, दात न दाखवणारी. दात दाखवले असते तर भांडता आलं असतं.

मी लॅपटॉप मिटला. उघडला. सर्व्हरवर व्हीएनस्टॅट नावाचं एक गुपचूप मोजमाप ठेवणारं आहे, ते बघितलं. अडत्याच्या साईटचा महिन्याचा सगळा वापर २ जीबी. बाकीचे ९९८ आपले.

सकाळी आठ वाजता आप्पा आले. आप्पा म्हणजे आमचे घरमालक, वरच्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेत आणि पावसाळ्यात परत जॉइन होतात. म्हणजे त्यांना कुणी बोलवत नाही, ते आपले आपण होतात. कोयनेतनं किती सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे, हे सगळ्या बिल्डिंगला दार वाजवून सांगतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्या दुसरीतल्या पोरीला बेचाच्या पाढ्याआधी पाठ झालं, ते आप्पांमुळं.

"सत्तावीस," आप्पा दारातनं म्हणले. मग माझ्याकडं बघितलं. "तोंड का पाडलंयस रे?"

"काही नाही आप्पा, सर्व्हरचा डेटा संपला. महिन्याला एक टीबी मिळतो, तो एका दिवसात गेला."

"टीएमसी?" (धरणाचं पाणी ह्यात मोजतात, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.)

"टीबी."

"एकच ते," असं म्हणून आप्पा खुर्ची ओढून बसले. बायको आतनं चहाचं विचारायला आली आणि आप्पांनी खिशातनं पेन काढलेलं बघून तशीच आत गेली. तिला कळतं.

"पाइपाचं तोंड किती?"

"सेकंदाला एक गिगाबिट."

"बिट म्हणजे?"

"आठ बिटांचा एक बाइट होतो."

"मग सरळ बाइटमधे सांगाय काय होतंय त्यास्नी? बरं, सेकंदाला सव्वाशे एमबी. आणि साठा किती?"

"एक हजार जीबी. म्हणजे दहा लाख एमबी."

आप्पांनी माझ्या न वाचलेल्या पेपरच्या कडेला भागाकार मांडला. पूर्ण मांडला, शून्य खाली घेत घेत, जसा शाळेत मांडायचे तसा. मग पेन टोपणात घातलं आणि माझ्याकडं बघायला लागले, एखाद्याच्या घरात वाईट बातमी सांगायची असते तसं.

"आठ हजार सेकंद."

"हो."

"दोन तास तेरा मिनिटं. अरे हे धरण हाय का बादली?"

मी गप्प.

"आमची कोयना १०५ टीएमसीची. मृतसाठा बाजूला ठेव, वरनं आवक धरू नको, आणि लाख क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट सोड. तरी बारा दिवस लागत्यात रिकामी व्हायला. आणि तुला महिन्याचं पाणी म्हणून दिलंय ते तोंड पूर्ण उघडलं तर सव्वादोन तासात खल्लास? मग एवढं मोठं तोंड दिलंय कशाला?"

आता खरं सांगू का, मी हे सर्व्हरचं काम आठ वर्षं करतोय आणि हा भागाकार मी कधी केला नव्हता. १ जीबीपीएस ठळक अक्षरात, १ टीबी बारीक अक्षरात, आणि दोन्हीच्या मधे कुणी भागाकाराची खूण काढत नाही. वर 'अप टू' असतंच. त्यात आमच्या सर्व्हरवाल्या कंपनीत येणारा डेटा आणि जाणारा डेटा दोन्ही मोजतात, काही ठिकाणी नुसता जाणारा मोजतात, इथं टोल जाताना पण आणि येताना पण. आणि गैरवापर म्हणे. तुम्हीच विकलेला स्पीड तुम्हीच विकलेल्या वेळात वापरला तर तो गैरवापर? पण हे सगळं मला रात्री चॅटवर सुचायला पाहिजे होतं. तेव्हा मी चीनचं नाव घेत बसलो होतो.

"बरं, मग एवढं पाणी लावलंस कुठल्या रानाला?" आप्पा.

"रानाला नाही आप्पा. मोजलं."

"परत सांग?"

"स्पीड किती येतो ते मोजत होतो."

"पाणी सोडून?"

"टेस्ट तशीच असते ना. पाइप पूर्ण भरल्याशिवाय कळत नाही किती मावतंय. तिकडनं डेटा आणायचा, इकडनं पाठवायचा, दहा दहा सेकंद."

"आणलेल्याचं काय करतोस?"

"टाकून देतो."

"कुठं?"

"लिनक्समधे एक जागा असते. डेव्ह नल."

"नळ?"

"नल आप्पा. नल. तिथं टाकलेलं नाहीसं होतं."

"म्हणजे गटार."

ह्यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही. आतनं बायकोच्या हसण्याचा आवाज आला, मग भांडं मुद्दाम वाजवल्याचा.

आप्पांनी चष्मा काढला. "अरे बेन्या, तीस वर्षं पाणी मोजलंय मी. आयर्विनला बघितलंयस नव्हं, फूट फूट लिहिलेली पट्टी हाय? माणूस जातोय, वाकून बघतोय, वहीत लिहितोय, घरी जातोय. नदी आपली वाहती. नदीला कळत पण न्हाई की तिला मोजलंय. तू म्हणजे कोयनेचं पाणी मोजाय सहाच्या सहा दारं उघडून बसलास, आणि मग म्हणतोस धरण कसं काय संपलं."

"रोज चार वेळाच चालवायची होती," मी पुटपुटलो. "एक चांदणी चुकली."

"चांदणी?"

चांदणीचं सांगितलं. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणले, चार वेळा चालवली असतीस तरी दिवसाला वीस, महिन्याला सहाशे. साठ टक्के धरण तू मोजण्यातच घालवणार होतास. हे त्यांनी कागद न घेता केलं.

आणि नेमका त्याच वेळी अडत्याचा फोन. साईट चालू होती तशी, पण १ एमबीपीएसवर. आणि त्याच्या पहिल्याच पानावर हळदीच्या ढिगाचा ६ एमबीचा फोटो आहे, तो मी बारीक करू का विचारलं की म्हणतो नको, रंग जातोय. तर तो एक फोटो उघडायला ४८ सेकंद, आणि तेही एकटाच बघत असला तर. "साहेब, ढीग वरनं खाली पिवळा व्हायला लागलाय हळूहळू, पण दर काय दिसंना," तो म्हणला. मी काहीतरी सर्व्हर मेंटेनन्स वगैरे सुरू केलं तेवढ्यात आप्पांनी फोन माझ्या हातातनं घेतला.

"हां, नमस्कार. मी मालक बोलतोय. न्हाई, सर्व्हरचा न्हाई, घराचा. असं झालंय बघा, ह्यानं विसर्ग मोजताना साठा संपवलाय. आता जरा पाझर चालू हाय, तेवढ्यावर भागवा. दुपारपर्यंत नवीन आवर्तन सुटंल."

पलीकडनं काहीतरी बोलणं झालं. आप्पा मान डोलावत होते. फोन माझ्याकडं देत म्हणले, "कळलं त्याला."

कळलं! गेली दोन वर्षं मी त्या माणसाला होस्टिंग, डोमेन, बँडविड्थ हे शब्द समजावतोय, दरवर्षी रिन्युअलला तो विचारतो की 'हे भाडं कशाचं ओ'. आणि आप्पांनी चार वाक्यात उरकलं. वर तो मला म्हणतो कसा, "साहेब, मोजायचं होतं तर पट्टी लावायची की."

पट्टी होती. हीच तर खरी बोच आहे. ते व्हीएनस्टॅट म्हणजे दुसरं काय आहे, नेटवर्क कार्डातनं किती बाइट आले-गेले हे सिस्टीम तसंही मोजतच असते, हे नुसतं वाकून बघतं आणि वहीत लिहितं, स्वतः एक थेंब सांडत नाही. मीच बसवलेलं. सहा महिन्यांपासून तिथं आहे. उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं की माझ्या साईटला जीबीपीएस काय, त्याच्या शंभराव्या भागाचीपण गरज नाही. पण त्यात काटा फिरत नाही. काटा फिरताना बघायची जी मजा असते, ती नुसत्या आकड्यांच्या वहीत नसते, आणि मला वाटतं आपण सगळे निम्म्या टेस्ट त्या काट्यासाठीच लावतो. त्या नेटवाल्या पोराला हे माझ्याआधी कळलंय.

चांदणी काढली. शून्य टाकलं. मग शून्यपण काढलं, ओळच उडवली. नऊशे रुपये भरून जादाचा एक टीबी घेतला, म्हणजे सातशेच्या सर्व्हरवर नऊशेचं पाणी. त्याच चॅटवाल्याकडं पेमेंटची पावती मागितली, त्यानं दिली, आणि 'अजून काही मदत हवी का सर' विचारलं. नको म्हणलं. ह्यावेळी स्माईली नव्हती, तर उगाचच वाटलं की आता तो शेजारच्या टेबलवाल्याला सांगत असणार.

साडेबाराला साईट पळायला लागली. ढीग एका दमात पिवळा. अडत्यानं अंगठा पाठवला.

आता पोर्ट खरंच पूर्ण सोडलाय का परत, का एमबीपीएसवरच थोडं वर सरकवून ठेवलाय, हे बघायला नको का? माणसानं पैसे भरलेत. एकच टेस्ट, फक्त मुंबई, जास्तीत जास्त अडीच जीबी. जेवण झाल्यावर गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसलो, आवाज बंद केला, बायको झोपली होती. काटा सरसर चढला. हजारातले ९४१.

वरच्या गॅलरीतनं आवाज आला, "किती फूट?"