‘घरात मराठी बंद, हातात टॅब’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे, ‘तुमचं मूल सहा महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोलेल!’ खाली पाच मुद्दे. एक, टचस्क्रीनवर रोज दोन तास इंग्रजी गेम खेळू द्या, शिक्षकाची गरज नाही. दोन, घरात मराठी पूर्ण बंद करा, नाहीतर मुलाच्या मेंदूत भाषांचा गोंधळ होतो. तीन, दोन वर्षांचं झालं की टॅब द्या, पुढे वेळ गेलेली असते. चार, परदेशात शाळांतून पुस्तकं गेली, सगळं स्क्रीनवर आलं. पाच, सरकारी मराठी शाळेत स्मार्ट बोर्ड नाही, तेव्हा मूल तिथून काढा.

हा मेसेज माझ्या भावाच्या घरी पोचला आणि लगेच अमलातही आला. हप्त्यावर टॅब घेतला. भाचा तीन वर्षांचा आहे. वहिनीनं माझ्या आईला सांगितलं, ‘आई, बाळाशी आता मराठीत बोलू नका.’ आईला मराठी येतं आणि बाजारापुरतं कन्नड येतं. इंग्रजी येत नाही. मग ती नातवाशी बोलणार कशात? ती बोलतच नाही. त्याला भरवते, झोपवते, पण तोंड मिटून. वहिनीवर माझा राग नाही, तिला मुलाचं भलंच करायचं आहे. राग आहे तो असलं काहीतरी छातीठोकपणे लिहून शेकडो आयांना घाबरवणाऱ्यावर. मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या मुलांच्या तोंडी इंग्रजीचे पहिले शब्द बसवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

दुसरा मुद्दा आधी घेते. सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, हे निदान आपल्या सीमाभागात तरी कुणी कसं मान्य करतं? इथलं पोर घरात मराठी बोलतं, गल्लीत कन्नड, शेजारच्या दोस्ताशी उर्दूमिश्रित हिंदी. समोरचा माणूस बघून ते भाषा बदलतं, आणि हे त्याला कुणी बसवून शिकवलेलं नसतं. बेळगावच्या खडेबाजारात एकाच दुकानात एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि पुढच्याशी कन्नडमध्ये भाव होतो. पिढ्यानपिढ्या आपण असेच वाढलो. लहान मूल ‘मला वॉटर दे’ म्हणालं की घाबरून जाऊ नका. ज्या भाषेतला शब्द हाताशी आला तो त्यानं वापरला. भाषा वाढते तसं ते दोन्हींतले शब्द वेगळे ठेवायला शिकतं.

उलट मराठी बंद केल्यावर त्या जागी येतं काय? ज्या घरात आईवडिलांनाच इंग्रजी सहज येत नाही तिथं मुलाच्या वाट्याला येतं ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘डोन्ट टच’. नुसते हुकूम. गोष्ट नाही, का-कशाला नाही, काल-उद्या नाही, रुसणं-समजावणं नाही. ज्या वयात मुलानं दिवसभर प्रश्न विचारून घरच्यांना बेजार करायचं त्या वयात त्याला प्रश्न विचारायला भाषाच उरत नाही.

वर्गात मला हा फरक रोज दिसतो. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट जिनं आजीकडून मराठीत ऐकलेली असते, तिला मी ‘द क्रो इज थर्स्टी’ म्हटलं की पुढचं सगळं आधीच माहीत असतं. खडे का टाकले, पाणी वर का आलं, हे तिला कळलेलं असतं. नवे असतात फक्त इंग्रजी शब्द. ज्या मुलाला ही गोष्ट कुठल्याच भाषेत ठाऊक नाही, त्याला गोष्टही नवी, शब्दही नवे. तो कावळ्याकडे बघत बसतो. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, हे दुभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलं आहे. वहिनी, आईंना बोलू द्या. रात्रीच्या गोष्टी पुन्हा सुरू होऊ द्या.

आता पहिला मुद्दा: गेम खेळलं की इंग्रजी येतं, शिक्षक नको.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक बाळांना चिनी, म्हणजे मँडरिन, ऐकवायची होती. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसली, त्यांच्याशी खेळली, पुस्तकं दाखवली. अशी बारा सत्रं झाली. दुसऱ्या गटाला हेच सगळं डीव्हीडीवर दाखवलं. माणसांबरोबर बसलेली बाळं मँडरिनमधले आवाज वेगळे ओळखू लागली. डीव्हीडी बघणारी शिकली नाहीत. आवाज तेच, चेहरे तेच, फक्त पडद्यावर.

यावर कुणी म्हणेल, डीव्हीडी नुसती बघायची असते, टचस्क्रीनला हात लावता येतो. तेही तपासून झालंय. २०१८ मध्ये कूल यांच्याच गटानं बाळांना टचस्क्रीन दिली. बाळानं हात लावला की मँडरिन बोलणाऱ्या बाईचा व्हिडिओ सुरू. काही बाळं एकटी बसवली, काही दुसऱ्या बाळाच्या सोबतीनं. सोबत असलेल्या बाळांच्या मेंदूत शिकल्याची खूण दिसली, एकट्या बाळांच्या दिसली नाही. स्क्रीन दोघांना सारखीच होती. फरक शेजारी बसलेल्या जिवाचा होता.

ही बाळं होती, शाळेतली मुलं मोठी असतात, हे कबूल. पण मोठ्या मुलांबाबतही वेगळं चित्र नाही. फिनलंडमध्ये तयार झालेला ग्राफोगेम नावाचा अक्षर-आवाजाचा खेळ कितीतरी भाषांत वापरला जातो. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० मध्ये निघाला. शब्दवाचनावर सरसकट परिणाम जवळजवळ शून्य. पण मोठं माणूस सोबत बसून लक्ष घालत होतं तिथं फायदा दिसला.

यामागचं कारण भाच्याकडे बघूनच कळतं. स्क्रीनवर चार चित्रं येतात, टॅब म्हणतो ‘बटरफ्लाय’. तो एकेका चित्रावर बोट मारत सुटतो. चुकलं तर काहीच बिघडत नाही, बरोबर आलं की चांदणी चमकते. बोटाला चांदणी मिळते, तोंडातून शब्द निघत नाही. शब्द ऐकून चित्र ओळखणं वेगळं आणि आपल्या मनातलं वाक्य जुळवून बोलणं वेगळं. टॅब त्याला ‘आज काय खाल्लंस?’ विचारत नाही, तो अडखळला तर थांबत नाही, अर्धवट वाक्य पुरं करून परत म्हणवून घेत नाही. शिवाय बऱ्याच गेममध्ये स्नोमॅन आणि ब्लूबेरी असतात. निपाणीच्या पोरानं तंबाखू आणि ऊस बघितलाय.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगते. टचस्क्रीनचा उपयोग आहेच. एकच आवाज न कंटाळता पुन्हा पुन्हा ऐकवणं मशीनला जमतं, माझा घसा दुपारपर्यंत बसतो. इंग्रजीत एकच ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये एक बोलतं आणि ‘सिटी’मध्ये दुसरं. देवनागरी शिकणाऱ्या मुलाला हे विचित्र वाटतं आणि त्याचा सराव खेळातून चांगला होतो. जे मूल सगळ्यांसमोर बोलायला लाजतं ते स्क्रीनसमोर धीट होतं, हेही मी बघितलंय. पण त्याची रीत वेगळी असते. एक स्क्रीन, भोवती पाच-सहा मुलं. एकानं बोट लावायच्या आधी सगळ्यांनी शब्द मोठ्यानं म्हणायचा. चुकलं तर का चुकलं ते एकमेकांना सांगायचं, खुशाल मराठीत सांगायचं. मग स्क्रीन बंद आणि तोच शब्द वर्गातल्या वस्तूवर. ‘व्हेअर इज द बॅग?’ ‘अंडर द बेंच.’ घरीही हेच जमेल, आईबाबांनी पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसलं तर.

तिसऱ्या मुद्द्याला फार शब्द नकोत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. मेसेज त्याच्या दुप्पट सांगतो. आणि उशीर कसला? सहाव्या-सातव्या वर्षी इंग्रजी सुरू करून उत्तम शिकलेली माणसं प्रत्येक गावात आहेत.

चौथा मुद्दा उलटा आहे. स्वीडननं शाळांत स्क्रीन खूप वाढवल्या होत्या, आणि २०२३ मध्ये तिथल्याच सरकारनं छापील पुस्तकांकडे परतायचं ठरवून त्यासाठी पैसे दिले. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानं बजावलं की तंत्रज्ञानानं शिक्षकाची जागा घेऊ नये.

पाचव्याबद्दल थोडं जास्त, कारण त्यात माझ्या शाळेचाही जीव अडकलाय. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत इंग्रजी विषय पहिलीपासून आहे, मराठी माध्यमातही. पहिली ते तिसरीसाठी नली-कली आहे, म्हणजे कार्डं, गाणी, गटात बसून खेळत शिकणं. मुलं खेळातून शिकतात हे आमच्या शाळांना टॅब यायच्या आधीपासून माहीत आहे. उणिवाही आहेत आणि त्या मी झाकणार नाही. शिक्षक कमी पडतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथं भिंतीवरचा महागडा फळा कित्येक दिवस काळाच राहील. पण मुलं काढून घेतल्यानं यातलं काय सुधारतं? पट घटला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की उरलेली मुलंही जातात. स्मार्ट बोर्ड हवा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत या आणि मागा. त्याच बैठकीत रिकामी पदं कधी भरणार, फळा वापरायचं प्रशिक्षण कोणत्या शिक्षकाला देणार आणि बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, हेही विचारा.