नुसत्या हद्दवाढीने घर परवडत नाही
महापालिकेची हद्दवाढ झाली, म्हणजे आजूबाजूची गावं शहरात घेतली, की कोल्हापुरात घरं परवडतील असं लेखात म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. १९७२ ला महापालिका झाली, पुढं पन्नास वर्षं हद्द तेवढीच राहिली म्हणून तर आमच्यासारखे लोक हद्दीबाहेर गेले. फ्लॅट स्वस्तात मिळाला खरा पण ड्रेनेज लाईनच नाही, पावसाळ्यात शोषखड्डा भरला की घाण पाणी पार्किंगमध्ये येतं, मग उपसायला गाडी बोलवा, वर टँकरचे पैसे वेगळे, कुठं राहिलं स्वस्त?

२०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांच्या नियोजनासाठी विकास प्राधिकरण केलं, पण आधी पाइपलाईन, रस्ते आणि मगच बांधकाम परवाने हा क्रम पाळायला नको का? आणि २०१९, २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथं शिरलं तिथं स्वस्त जागा म्हणून गरिबांच्या स्कीम काढू नका, हे लेखात यायलाच पाहिजे होतं.