‘गुण’ ऱ्हस्वच लिहायचा

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ठाण्यात राम मारुती रोडजवळच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या सात माणसांना कळलं की मला साहित्यशास्त्रात १०० पैकी ५४ मार्क पडलेत. माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

थोडक्यात सांगते. वय ४३, दूरस्थ शिक्षणातून मराठीत एम.ए., शेवटची परीक्षा. (कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही. पदवीचं प्रमाणपत्र अजून त्यांच्याकडून यायचंय.) बाकी पेपरांत ए, या एका पेपरात बी. ५५ ला बी प्लस होता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पट्टीत बी प्लस म्हणजे ‘गुड’ आणि बी म्हणजे ‘अबव्ह ॲव्हरेज’. म्हणजे सरासरीपेक्षा बरी, पण चांगली म्हणता येणार नाही. हाच अभिप्राय माझ्याबद्दल २००५ साली डोंबिवलीच्या एका स्थळाकडून आला होता. तेव्हा बाबा फोनवर त्यांना जे बोलले ते मला परीक्षा विभागाला बोलता येत नाही, कारण तिथे फोन कोणी उचलत नाही.

तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची, म्हणून गुणपत्रिकेची प्रिंट हवी होती. झेरॉक्सवाला मुलगा म्हणाला, “व्हॉट्सॲपला टाका काकू.” गेल्या वर्षी मी याच दुकानात ताई होते, पण तो विषय वेगळा. मी टाकली. त्याने ती उघडली आणि मॉनिटर गिऱ्हाइकांच्या बाजूला वळवला. आधार कार्डावरचं नाव बरोबर आहे का ते लोकांनी बघून घ्यावं म्हणून केलेली ही सोय आहे. मोठी स्क्रीन, वर दोनशे टक्के झूम.

“ए, ए, ए, ए,” तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे वाचावं तसं वाचत गेला, “आणि हा बी. बरोबर आहे ना? मुलीचं आहे?”

“माझं आहे.”

रांगेत एकदम शांतता. माझ्या मागे एक आजोबा होते, हातात पेन्शनचं पासबुक, त्याला रबरबँड. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुढे येऊन स्क्रीनशी नाक लावलं.

“एम.ए.?”

“हो.”

“मग बी कसं?”

“ग्रेड आहे ती, काका.”

“म्हणजे परीक्षा एम.ए.ची दिलीत आणि दिलं त्यांनी बी.ए.?”

मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी समजावलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमची अकरावीची एस.एस.सी., १९७१, मराठीत ६१. तेव्हा ६१ म्हणजे ६१ असायचे. हे त्यांनी मला उद्देशून न म्हणता झेरॉक्स मशीनला उद्देशून म्हटलं.

“विषय कुठला हा?”

“साहित्यशास्त्र. शब्दशक्ती वगैरे.”

“मराठीच ना? घरात काय बोलता?”

“मराठी.”

“तरी?”

या ‘तरी’ला माझ्याकडे उत्तर नाही. जन्मल्यापासून जी भाषा बोलते तिच्यात मी सरासरीपेक्षा जराशी वर आहे, असा कागद आता माझ्याकडे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले होते. ती वर गेली, मी इथेच.

पण मी गप्प बसले नाही, हीच चूक झाली. मी म्हटलं, काका, प्रश्न असा होता की लक्षणा स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा. आता ‘घरावरून हत्ती गेला’ आणि ‘बाबा ताटावर बसले’ ही उदाहरणं प्रत्येक गाइडात आहेत. तो हत्ती इतक्या पिढ्यांच्या घरांवरून गेलाय की आता त्याला पेन्शन लागू व्हावी. ‘स्वतःच्या’ हा शब्द मी मनावर घेतला. दोन वर्षं ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तकं आणून वाचली होती. १८९३ ची संस्था, तिथल्या जिन्याची तरी लाज राखायला हवी. मी लिहिलं, ‘आज सकाळी घोडबंदर रोड तासभर हललाच नाही.’ रस्ता म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून जवळचा दुसरा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. ठाणेकर परीक्षक असता तर रडला असता. कळव्याच्या माझ्या मैत्रिणीने हत्ती लिहिला. तिला ६८.

आजोबांनी विचार केला. बराच वेळ केला. तेवढ्यात मुलाने दोघांच्या आधारच्या प्रती काढून दिल्या.

“पण रस्ता हलतच नाही,” आजोबा म्हणाले.

“हो, तेच तर!”

“तसं नाही. रस्ता कधीच हलत नाही. रस्ता आहे तो. तासभर हलला नाही, हे अगदी खरंच झालं की. सरळच अर्थ आहे. यात दुसरा अर्थ घ्यायचाय कशाला?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

सरळ अर्थ अडला तरच लक्षणा. हे मीच माझ्या उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, खाली पट्टीने रेघ मारून. आणि रांगेत उभ्या एका माणसाने, पासबुकाचा रबरबँड मनगटावर चढवता चढवता, माझं उदाहरण पाडलं. ‘तासभर’ या शब्दात सगळं आहे, जी गोष्ट कधीच हलत नाही तिला तासाचा हिशेब कोण लावेल, हे मला रात्री अकरा वाजता भांडी आवरताना सुचलं. तेव्हा आजोबा नव्हते.

शिवाय मुद्दा राहतोच. उदाहरण चुकलं असेल तर समासात तसं लिहा ना. नुसता आकडा काय देता? प्रतीसाठी पैसे भरा, पुनर्मूल्यांकनासाठी आणखी भरा, आणि एका मार्कासाठी दोन महिने वाट बघा. हत्ती लिहिणाऱ्याला हे काही करावं लागत नाही.

“काकू, तुम्ही मराठी शिकलात ना,” मुलगा प्रिंट देत म्हणाला, “आमची पाटी बघा ना जरा. नवीन करायला टाकायचीय.”

वर लाल अक्षरांत होतं, ‘परिक्षा फॉर्म भरून मिळतील’. मला एकदम बरं वाटलं.

“री दीर्घ हवी. परीक्षा.”

“नक्की?” आजोबा म्हणाले. “आणि गुण?”

“गु ऱ्हस्व.”

“सून, फूल दीर्घ, मग गुण ऱ्हस्व का?”

“तत्सम आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून तो नियम त्याला लागत नाही.”

“हे आलं होतं पेपरात?”

“नाही.”

आजोबांनी मान हलवली, ‘तरीच’ अशी. मुलाने पाटीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. बी अजून तिथेच होता, दोनशे टक्के.

“राहू दे,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणालातरी विचारतो. दहा रुपये झाले.”